विहिरीचं झाड

अ‍ॅरिझोनातल्या टूसॉन शहराजवळ एक उघडी खाण होती. खोदाई खोल जात राहिली आणि एके ठिकाणी कापलेल्या भिंतीत झाडाची मुळं दिसली. मूळच्या जमिनीपासून मोजलं तर ती १७५ फूट खाली होती. ५३ मीटर म्हणजे सतरा-अठरा मजली इमारत उलटी करून जमिनीत रोवावी एवढी खोली. झाड होतं मेस्कीट. डब्ल्यू. एस. फिलिप्स यांनी १९६३ साली ‘इकॉलॉजी’ या नियतकालिकात त्यावर छोटंसं टिपण छापलं, आणि मुळं किती खोल जातात याची चर्चा निघाली की आजही या टिपणाचं नाव निघतं.

मेस्कीट आपल्याला परकं नाही. ओसाड गायरानात, नदीकाठी, रेल्वेरुळांच्या कडेला माजलेली वेडी बाभूळ याच घराण्यातली. मार्च-एप्रिलमध्ये भोवतालची जमीन भेगाळलेली असताना ती हिरवीगार कशी, हा प्रश्न तिच्याकडे रागानं बघणाऱ्या शेतकऱ्यालाही पडलेला असतो. त्याचं निम्मं उत्तर त्या खाणीच्या भिंतीत होतं. ते मिळायला खाण खोदावी लागली हा योगायोग, पण पुढे सहा दशकं हे नातं काही सुटलं नाही. नदीकाठचं झाड आणि खाण यांची गाठ पडली की प्रश्न तोच येतो: हे झाड नेमकं कुठलं पाणी पितं? नदीचं, पावसाचं, की जमिनीखालचं? हा प्रश्न कुणी, कशासाठी विचारला यावर झाडाचं नशीब ठरत आलं आहे. म्हणून मागोवा झाडाचा न घेता प्रश्नाचा घ्यायचा.

प्रश्न जुना आहे. सहाव्या शतकात उज्जैनीच्या वराहमिहिरानं ‘बृहत्संहिते’त भूगर्भातलं पाणी शोधण्यावर अख्खा अध्याय लिहिला. त्याचं नाव दकार्गल. जमिनीखाली पाण्याच्या शिरा असतात आणि कुठली शिरा कुठे, किती खोल आहे ते वरची झाडं सांगतात, अशी त्याची मांडणी. कोरड्या मुलखात वेतस दिसला (कुणी त्याला वेत म्हणतात, कुणी वाळुंज) तर त्याच्या पश्चिमेला तीन हातांवर दीड पुरुष खोल पाणी. जांभळाचं वेगळं गणित, उंबराचं वेगळं, शेजारी वारूळ असलं तर आणखी वेगळं. पुरुष म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची. नियमांचा थाट बघा: झाडाचं नाव, दिशा, अंतर, खोली, वाटेत लागणारा दगड, आणि कधी बेडूक तर कधी साप. यातलं किती खरं ठरतं हा वाद बाजूला ठेवू. पद्धत म्हणून पाहिलं तर हा भूजलाचा नकाशाच आहे, फक्त त्यात झाडाला सुईच्या जागी बसवलंय.

आपल्याकडचे पाणाडे अजून त्याच वाटेनं जातात. हातात नारळ नाही तर उंबराची दुबेळकी काठी असते, कुठे पायाळू माणसाला पुढे घालतात, पण शिवारात शिरताना नजर आधी उंबरावर, जांभळावर, करंजावर जाते. काठीची करामत लोकांना दाखवायला, आणि अंदाज झाडांवरून, असं मला नेहमी वाटत आलंय. अर्थात हे कुठला पाणाड्या कबूल करणार?

वराहमिहिराच्या पाच-सहाशे वर्षं आधी रोममध्ये विट्रुव्हियस या वास्तुकारानं हाच विषय हाताळला होता. लव्हाळे, रानटी वाळुंज, निर्गुडीच्या जातीची झुडपं, बोरू ही त्याच्या लेखी पाण्याची खूण. पण त्यानं पुढे एक सावधगिरी नोंदवली, आणि या सगळ्या इतिहासातलं हे मला सर्वांत हुशारीचं वाक्य वाटतं. तो म्हणतो, हीच झाडं पाणथळ सखल जागीही वाढतात. तिथे पावसाचं पाणी साचून राहतं, ते जमिनीतलं नव्हे. तेव्हा सखल भागातल्या खुणेवर विसंबू नका. झाड दिसलं म्हणजे भूजल आहेच असं नाही, आधी पाणी कुठलं ते ठरवा. विसाव्या शतकाच्या अखेरीस किमती यंत्रं लावून शास्त्रज्ञांनी जे शोधायला घेतलं, ते एवढंच.

मधली कित्येक शतकं गाळून एकदम अमेरिकेत यावं लागतं, कारण प्रश्नाला नाव तिथे मिळालं. ऑस्कर मायन्झर हे अमेरिकी भूसर्वेक्षण संस्थेतल्या भूजल विभागाचे दीर्घकाळचे प्रमुख. १९२३ साली त्यांनी भूजलशास्त्राच्या संज्ञांचा संग्रह काढला. जे झाड सवयीनं जमिनीतल्या पाण्यानं भरलेल्या थरातून, किंवा त्याच्या लगतच्या ओलाव्यातून पाणी घेतं, त्याच्यासाठी तिथे ‘फ्रिॲटोफाइट’ हा शब्द आहे. ग्रीकमध्ये ‘फ्रेआर’ म्हणजे विहीर. शब्दशः, विहिरीचं झाड. १९२७ साली त्यांनी ‘भूजलाचे निदर्शक म्हणून वनस्पती’ असं सरळ शीर्षक देऊन अहवाल लिहिला. कुठली झुडपं किती फुटांवरचं पाणी सांगतात, पाणी गोडं की खारं ते कशावरून ओळखायचं, असं सगळं त्यात आहे. दकार्गलातला साप आणि बेडूक वजा केले तर हेतूत फारसा फरक नाही. पश्चिमेकडच्या कोरड्या राज्यांत वसाहती वाढत होत्या, विहिरी कुठे घ्यायच्या हे सांगणारा वाटाड्या हवा होता.

वाटाड्याच्या खिशाकडे नजर तर त्याआधीच गेली होती. कॅलिफोर्नियातल्या ओवेन्स खोऱ्यातलं पाणी लॉस एंजेलिसला न्यायचं घाटत होतं. त्या सुमारास चार्ल्स ली या अभियंत्यानं जमिनीत टाक्या पुरून, त्यात गवत लावून, ते दरवर्षी किती पाणी उडवतं ते मोजलं. १९१२ साली त्याचा अहवाल आला आणि १९१३ साली कालवा सुरू झाला. मोजणीचा हेतू उघड होता: गवत उडवतंय ते पाणी शहराला मिळालं तर?

मोजण्याची सर्वांत देखणी रीत मात्र युटामधल्या एस्कलांटे खोऱ्यात सापडली. वॉल्टर व्हाइट यांनी १९३२ साली ती प्रसिद्ध केली. उथळ निरीक्षण विहिरींवर पाण्याची पातळी सतत नोंदणारी यंत्रं बसवली, तर कागदावर लाट उमटत होती. दिवसा पातळी उतरायची, रात्री पुन्हा चढायची. झाडं दिवसा पितात आणि रात्री थांबतात. बाजूनं झिरपणारं पाणी मात्र दिवसरात्र येतच असतं. रात्रीच्या चढावरून झिरपा कळतो, आणि त्यातून दिवसाचा उतार वजा-जमा करून झाडांनी किती पाणी घेतलं ते काढता येतं. हिवाळ्यात कडक हिम पडून पानं गेली की लाट थांबायची. घासाचं शेत कापलं तरी थांबायची. विहिरीतल्या पाण्याचा हा श्वास ज्यानं पहिल्यांदा कागदावर पाहिला असेल, त्याला कसं वाटलं असेल!

पण त्या आकड्यांचा उपयोग काय झाला, तर झाडाला चोर ठरवायला. १९५८ साली टी. डब्ल्यू. रॉबिन्सन यांनी ‘फ्रिॲटोफाइट्स’ नावाचा मोठा अहवाल लिहिला. पश्चिमेकडच्या १७ राज्यांत अशी झाडं सुमारे १ कोटी ६० लाख एकरांवर पसरली आहेत आणि वर्षाला अडीच कोटी एकर-फूट पाणी उडवतात, असा अंदाज त्यात आला. आपल्या हिशेबात हे हजारावर टीएमसी, म्हणजे जवळजवळ दहा कोयना धरणं. आकडा एवढा मोठा की पुढची पायरी आपोआप आली. १९६० च्या दशकात अ‍ॅरिझोनात गिला नदीकाठी पंधरा मैलांचा पट्टा निवडून झाऊ आणि मेस्कीटची झाडी उपटून काढली आणि किती पाणी वाचतं ते वर्षानुवर्षं मोजलं. पाणी वाचलं, पण जमीन उघडी राहीपर्यंतच. तिथे दुसरं काही उगवलं की तेही पितंच. आणि झाडी गेली की तिच्यातले पक्षी जातात, काठ ढासळतो, हा जमाखर्च त्या टाक्या-विहिरींच्या नोंदवहीत नव्हता.

निलगिरीवरची आपल्याकडची भांडणं आठवा. सामाजिक वनीकरणाच्या काळात शेतांच्या बांधावर, माळांवर ती लावली आणि मग विहिरी आटल्याचा आरोप तिच्यावर आला. त्या लागवडीत जी ऑस्ट्रेलियन झाडं आली त्यांत एक ‘युकॅलिप्टस कॅमाल्डुलेन्सिस’ हेही होतं. या नावाची गंमत अशी की हे ऑस्ट्रेलियातल्या नद्यांचं झाड, पण १८३२ साली त्याचं शास्त्रीय वर्णन झालं ते इटलीत, नेपल्सजवळच्या कॅमाल्डोलीच्या बागेत वाढलेल्या झाडावरून. ऑस्ट्रेलियात त्याला रिव्हर रेड गम म्हणतात. आपल्या बांधावर ज्याला परका पाणीचोर म्हणून शिव्या बसल्या, ते आपल्या घरी, कोरड्या नदीच्या काठावर दोनतीनशे वर्षं उभं असतं. आणि आता तिथे त्याचंच पाणी दुसरं कुणी उपसतंय.

तिकडे जाण्याआधी तीन गोष्टी सांगायला हव्यात. त्यांच्यामुळे चौकशीचा रोख झाडावरून माणसाकडे वळला.

पहिली १९६५ ची. पेर शोलँडर आणि सहकाऱ्यांनी झाडाची तहान मोजायचं साधन बनवलं. तोडलेली डहाळी एका भक्कम धातूच्या डब्यात बंद करायची, देठाचं टोक तेवढं रबरी बुचातून बाहेर. डब्यात हवेचा दाब वाढवत न्यायचा. कापलेल्या टोकावर रसाचा थेंब चमकला की थांबायचं. त्या क्षणीचा दाब म्हणजे झाडाच्या नळ्यांतला ताण. उंच झाडांच्या शेंड्याकडच्या डहाळ्या मिळवायला त्यांनी नेमबाजाला बोलावून बंदुकीनं त्या पाडल्या होत्या. शास्त्राच्या इतिहासात इतकी थेट पद्धत थोडीच सापडेल. हे मोजमाप पहाटे, सूर्य उगवायच्या आत घेतात. रात्रभर पानांची छिद्रं बंद असतात, तेव्हा झाडातला ताण मुळांना लागणाऱ्या सर्वांत ओल्या थराशी जुळतो. पहाटेचा आकडा शून्याच्या जवळ असेल तर झाडाचं कुठलं तरी मूळ पाण्यात आहे. आकडा मोठा असेल तर ते कोरड्या मातीशी झगडतंय. पिकांच्या शास्त्रात कोमेजून न उठण्याची हद्द पंधरा वातावरणांइतक्या दाबावर धरतात.

दुसरी गोष्ट १९९१ ची. टॉड डॉसन आणि जेम्स एलेरिंगर यांनी युटामधल्या एका ओढ्याकाठची झाडं तपासली. पाण्यातल्या हायड्रोजनचा जड भाऊ, ड्युटेरियम, पावसात, ओढ्यात आणि खोल भूजलात वेगवेगळ्या प्रमाणात असतो. मुळं पाणी ओढताना सहसा हे प्रमाण बदलत नाहीत. म्हणजे खोडातल्या पाण्यावर त्याच्या माहेरचा शिक्का असतो. त्यांना आढळलं की ओढ्याच्या अगदी कडेला उभी असलेली मोठी झाडं ओढ्याचं पाणी जवळजवळ घेतच नव्हती. ती खालचं, खोल पाणी पीत होती. शोधनिबंध ‘नेचर’मध्ये आला आणि नदीकाठच्या झाडांविषयीचं सगळ्यांचं गृहीतक हललं. विट्रुव्हियसची शंका खरी होती, फक्त उलट्या दिशेनं. त्याला भीती होती की भूजलाचं वाटणारं झाड वरच्या पाण्यावर जगत असेल. इथे वरच्या पाण्यात पाय बुडवून उभं असलेलं झाड भूजलावर जगत होतं. ओढा वाहता आहे म्हणून काठची झाडं सुरक्षित, असं आता कुणाला म्हणता येणार नव्हतं.

तिसरी गोष्ट कोलोरॅडोच्या पूर्व भागातली, आणि मराठी वाचकानं थांबून वाचावी अशी. तिथल्या एका हंगामी वाळूच्या नदीत पात्रातून वाळू काढायची होती. मायकेल स्कॉट, पॅट्रिक शॅफ्रॉथ आणि ग्रेगर ऑबल यांनी खोदाई सुरू व्हायच्या एक वर्ष आधीपासून काठच्या कॉटनवुड झाडांची नोंद ठेवायला सुरुवात केली. ६८९ खोडं, चार वर्षं. खोदाईचा परिणाम पोचेल तिथली आणि पोचणार नाही तिथली, दोन्ही. १९९९ साली निष्कर्ष छापले. भूजलपातळी एक मीटर किंवा जास्त उतरून तशीच राहिली तिथे तीन आठवड्यांत पानं सुकू लागली, फांद्या वाळू लागल्या, आणि तीन वर्षांत ८८ टक्के झाडं मेली. फक्त एक मीटर. शिवाय झाड आधी डोक्यावरचा हिरवा घेर कमी करतं आणि पुढच्या वर्षी मरतं, म्हणजे घेराची घट ही मरणाची आगाऊ सूचना असते, हेही त्यांनी दाखवलं.

आपल्याकडे २०१२ च्या दीपक कुमार खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर लहान वाळूघाटांनाही पर्यावरण मंजुरी लागू झाली आणि २०१६ साली केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आली. खोदाई तीन मीटर किंवा पाण्याची पातळी, यांत जे कमी असेल तिथपर्यंतच, असा त्यांतला दंडक. ही मर्यादा खड्ड्याच्या खोलीची आहे. पात्रातली वाळू गेल्यावर काठाखालचं पाणी किती उतरू द्यायचं, याची नाही. खड्डा मोजायला टेप पुरते. काठावरच्या करंजाचा, अर्जुनाचा घेर मोजायला खोदाईच्या आधीचं एक वर्ष हातात लागतं, आणि ते वर्ष कुठल्याही लिलावाच्या वेळापत्रकात बसत नाही.

आता ऑस्ट्रेलिया. १९९८ साली टॉम हॅटन आणि रिचर्ड इव्हान्स यांनी देशभरातल्या भूजलावर अवलंबून असलेल्या परिसंस्थांचा आढावा घेतला. त्यात त्यांची प्रतवारी झाली: काही पूर्णपणे भूजलावर, काही निकडीपुरती, काही संधी मिळाली तर. तोपर्यंत झाड पाणी घेतं एवढं म्हणत होते. आता अमुक इतकं पाणी त्याचं आहे, असं म्हणायची भाषा तयार झाली. २०१२ साली हवामान खात्यानं अशा परिसंस्थांचा देशव्यापी नकाशा खुला केला. त्यामागे उपग्रहांचा वाटा मोठा होता. १९७२ पासून लँडसॅट मालिकेचे उपग्रह आकाशातून पानांचा हिरवेपणा टिपत आलेत, म्हणून एखाद्या नदीकाठाचा पन्नास वर्षांचा हिरवा इतिहास आज संगणकावर मागे नेऊन बघता येतो. भोवताल वाळतो तेव्हाही जो पट्टा हिरवा राहतो, तिथे खाली पाणी असावं. तर्क वराहमिहिराचाच, डोळा तेवढा सातशे-नऊशे किलोमीटर उंचावर गेला.

हे सगळं एकत्र येऊन कामाला लागलं ते पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या पिलबारात. लाल खडकांचा, तीन-चारशे मिलिमीटर पावसाचा हा प्रदेश. पाऊस चक्रीवादळांच्या लहरीवर, एकाच तडाख्यात वर्षाचा कोटा. नद्या बहुतेक काळ कोरड्या, पात्रात पांढरी खडी, आणि काठानं मात्र हिरवी रेघ: रिव्हर रेड गम, कूलिबा, आणि जिथे पाणी अगदी वर आहे तिथे कागदासारखी साल सोलत उभी असलेली रुपेरी पानांची मेलाल्युका. जाणकारांना ही तीन झाडं पाहून पाण्याचा अंदाज येतो. मेलाल्युका दिसली तर भूजल हाताशी, आणि ते उतरलं तर पहिली मरेल तीच. रेड गम निभावून नेतं. कूलिबा बहुतांशी पुराच्या आणि मातीतल्या ओलीवर चालवून घेतं.

इथल्या लोखंडाच्या खाणी आधी टेकड्यांच्या माथ्यावर होत्या. माथ्यावरचं सोपं खनिज संपत आलं तशा त्या पाण्याच्या पातळीखाली गेल्या. त्यातही एक विचित्र योग. यांडी परिसरातलं खनिज म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या नदीचं पात्र. त्या नदीत लोहाचे मटारासारखे कण साचत गेले आणि पात्रच खनिज झालं. ते सच्छिद्र आहे, म्हणून तोच तिथला मोठा जलधर. वर आजचा मॅरिलाना ओढा वाहतो, खाली पुरातन नदी पाणी धरून बसलेली. खनिज काढायचं तर पाणी काढावंच लागतं, कारण दोन्ही एकाच भांड्यात आहेत. खड्ड्याभोवती कूपनलिकांचं कडं करून रात्रंदिवस उपसा चालतो, आणि भूजलपातळी खड्ड्याकडे उतरत्या शंकूसारखी खचते. शंकूची कड नदीकाठापर्यंत पोचली की झाडांचा प्रश्न उभा राहतो.

मग देखरेख. मंजुरीच्या अटींत ती लिहिलेली असते. काठावर ठरावीक झाडांना नंबर. दरवर्षी त्यांच्या घेराचं मोजमाप, वर कॅमेरा धरून पानांच्या आच्छादनाचे फोटो. काहींच्या खोडांत तापलेल्या सुया, रस किती वेगानं चढतो ते बघायला. पहाटेच्या अंधारात नायट्रोजनचं नळकांडं आणि शोलँडरचा डबा. शेजारी निरीक्षण विहिरी. तुलनेसाठी खाणीपासून दूरचा तसाच एक काठ. पूर येणाऱ्या नद्यांसाठी आपण जसे इशारा पातळी आणि धोका पातळी म्हणतो, तशा इथेही दोन रेषा आखतात. फक्त पाणी वर चढण्याऐवजी खाली उतरताना त्या ओलांडल्या जातात. इशाऱ्याची रेषा गाठली तर चौकशी, धोक्याची गाठली तर उपाय.

कागदावर चोख आहे. पण यात एक गाठ आहे, आणि ती कितीही सुया टोचल्या तरी सुटत नाही. मोठं रेड गम मुळं खाली ढकलत, पानं गाळत, खोडातला साठा वापरत काही वर्षं तग धरतं. त्याच्या घेरावर परिणाम दिसेल तोवर पाणी उतरून बराच काळ लोटलेला असतो. भूजलाचा शंकू पंप बंद केल्यावर लगेच भरत नाही. त्याला दशकं लागू शकतात. झाड उशिरा सांगतं आणि जमीन उशिरा ऐकते. त्यात तुलनेचा दूरचा काठही त्याच दुष्काळात वाळत असेल, तर घट खाणीची की आभाळाची यावर सल्लागारांची पानंच्या पानं भरतात. म्हणून खरा भार पडतो तो आधीच्या नोंदींवर, आणि विहिरीतल्या पातळीवर. घेर हा मृत्यूचा दाखला ठरू नये म्हणून पंप किती वेगानं चालवायचा हे विहिरीतल्या उताराच्या गतीवर ठरायला हवं. ओवेन्स खोऱ्यात १९७० च्या दुसऱ्या कालव्यानंतर झरे आणि झाडोरा गेल्यावर, १९९१ साली इन्यो कौंटी आणि लॉस एंजेलिस यांच्यात करार झाला. त्यात मातीतली ओल झाडांच्या गरजेला पुरेशी नसेल तर त्या भागातले पंप बंद ठेवायचे, अशी सोय होती. पंपाचं बटण झाडाच्या हाती. ज्या खोऱ्यात गवताच्या टाक्या पुरून झाडांच्या पाण्याची मोजदाद झाली, तिथेच हे व्हावं!

भारतीय वाचकाला या प्रकरणातलं एक नाव ओळखीचं आहे. क्वीन्सलँडमधली कारमायकेल कोळसाखाण, अदानी समूहाची. तिथे कारमायकेल नदीकाठी एक पाम वाढतो. त्याचं इंग्रजी नाव वॅक्सी कॅबेज पाम, आणि तो जगात त्या भागातल्या मोजक्या नदीखोऱ्यांतच आढळतो. जवळच डूंगमाबुला झरे आहेत, वांगन आणि जागालिंगू लोकांना पवित्र असलेले. २०१९ च्या पूर्वार्धात वाद पेटला तो या झऱ्यांवर: त्यांचं पाणी वरच्या वालुकाश्मातून येतं की कोळशाच्या खालच्या थरांतून? सीएसआयआरओ आणि जिओसायन्स ऑस्ट्रेलिया या दोन सरकारी संस्थांनी कंपनीच्या भूजल-गणितातल्या उणिवा दाखवल्या. त्यानंतर सुधारणांच्या अटीवर कंपनीच्या भूजल-योजनेला जूनमध्ये क्वीन्सलँडची मंजुरी मिळाली. निवडणुका, आंदोलनं, कोट्यवधी डॉलर, आणि मधोमध विट्रुव्हियसचा प्रश्न: पाणी कुठलं? ऑस्ट्रेलियाच्या केंद्रीय कायद्यात २०१३ साली आलेली पाण्यासंबंधीची तरतूद मोठ्या कोळसाखाणींना लागू झाली म्हणून तो इतक्या वर पोचला. पिलबारातलं लोखंड त्या तरतुदीत नाही.

आपल्या जवळचं लोखंड म्हणजे गोवा. तिथल्या खाणीही भूजलाखाली गेल्या होत्या, खड्ड्यांतून पाणी उपसलं जात होतं, आणि विहिरी आटल्या, सुपारीच्या कुळागरांचे झरे मंदावले अशा तक्रारी खाणपट्ट्यातल्या गावांतून वर्षानुवर्षं येत होत्या. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानं खाणकाम थांबवलं ते मुख्यतः परवान्यांच्या बेकायदेशीरपणावर. गोव्यात झाडाला नंबर देण्याची गरज कुणाला वाटली नसेल, कारण तिथे कुळागर हेच निरीक्षणाचं साधन होतं: सुपारी रुसली की घरात कळतं. सत्तरीतली निरंकाराची राय किंवा दोडामार्गातल्या बांबर्ड्याची कानळाची राय, या रानजायफळाच्या दलदली तर त्याहून नाजूक. चिखलातून गुडघ्यांसारखी मुळं वर काढून उभी असलेली ती झाडं पाण्याच्या एका ठरलेल्या पातळीवर बेतलेली. देवाच्या नावानं राखल्या म्हणून राहिल्या.

पिलबारात परत जाऊन थांबतो. विली वोली हा तिथल्या बंजिमा लोकांचा पवित्र झरा. कोरड्या मुलखात बारमाही पाणी, भोवती मेलाल्युका आणि रेड गमची गर्द राई. २००७ साली वरच्या बाजूला होप डाउन्स खाण सुरू झाली. उपशामुळे झरा आटणार हे आधीच ठाऊक होतं, म्हणून अट अशी घातली गेली की खाणीतून उपसलेलं पाणी नळानं आणून झऱ्याच्या परिसरात सोडायचं, भूजल पुन्हा भरेपर्यंत. उपसा मोठा, म्हणून सोडलेलं पाणीही मोठं. परिसरातल्या खाणींनी ओढ्यांत सोडलेल्या पाण्यामुळे एरवी पुरापुरते वाहणारे ओढे मैलोगणती बारमाही वाहू लागले. काठावर नवी रोपं दाट उगवली, वरच्या पाण्यावर, उथळ मुळांची. खाण संपेल त्या दिवशी त्यांचं काय, हा पुढच्या अहवालांचा विषय आहे.

पहाटे तिथे कुणी डहाळी तोडून डब्यात घातली तर आकडा शून्याजवळ येईल. झाड तृप्त आहे. पाणी झऱ्याचं की नळाचं, हे तो डबा सांगू शकत नाही. ते विचारायला ड्युटेरियमकडे जावं तर तिथेही फारसं हाती लागत नाही. नळातलं पाणी त्याच डोंगराखालच्या जलधरातून उपसलेलं आहे. त्याच्यावर शिक्का माहेरचाच आहे.